सासूबाईंच्या कपाटातला वास

सासूबाई गेल्या तेव्हा मी मुरुडला माहेरी होते. नवऱ्याचा फोन आला, "आई गेली, लगेच नीघ." एसटीत बसले, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही... गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन की, पण चांगलं होतं तेवढंच.

माझं माहेर कोळीवाड्यात, सासर तळ्याजवळच्या भातशेतीच्या गावात. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी कपाटात नाक खुपसून हुंगलं आणि माझ्या साड्या पडवीतल्या ट्रंकेत गेल्या. "सुक्या मासळीचा वास मला सोसत न्हाय," हे त्यांनी गावभर केलं. ताजी सुरमई मात्र बोटं चाटून खायच्या. मग वास घालवायला घरातलं एकेक कपाटात आणि माझ्या ट्रंकेतही जाऊ लागलं. वाटीत खाण्याचा सोडा, फडक्यात बांधलेले कोळसे, मीठ लावलेली लिंबाची फोड, कापूर, कडुलिंबाचा पाला. ठेवायचं मी आणि बदलायचंही मीच. उपाय चोख होते, हे कबूल करते. पडवीतल्या ट्रंकेला कसलाच वास उरला नाही. कपाटाचा मात्र हटेना. एकदा वैतागून विचारलं, "माझं एक फडकं तरी आहे का त्यात?"

"तुज्या हाताचा वास हाय," त्या म्हणाल्या. "घड्या कोन घालतं?"

त्या दिवशी माडीवर जाऊन रडले आणि ठरवलं, याच कपाटात माझ्या साड्या ठेवीन, तेव्हाच गप्प बसेन.

बाबा दर हंगामात सोडे पाठवायचे. सोललेली, वाळवलेली कोळंबी, एकेक हातानं निवडलेली. सासूबाई पिशवी चिमटीत धरून न्यायच्या आणि "मजुरांना वाटली," म्हणून सांगायच्या. बाबा फोनवर विचारायचे, विहीणबाईंना आवडले का? मी हो म्हणायचे... काय करणार?

दहाव्याच्या आदल्या दिवशी दानासाठी कोरं लुगडं शोधताना कपाट रिकामं केलं. सगळ्यात मागे, मला कधी हात लावू न दिलेल्या शालूत गुंडाळलेली कापडी पिशवी निघाली. आत सोडे, बाबांचे! मी माहेरी गेले की चुलीवर काय शिजत होतं, ते आत्ता कळलं. असा संताप आला की पिशवी उचलून माझ्या ट्रंकेत दडवली. नवऱ्यालाही बोलले नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. नवऱ्यानं वचनं दिली, नणंदेनं शिरा ठेवला. कावळे झाडावरून नुसते बघत होते.

"तिची कायतरी इच्छा ऱ्हायली हाय," चुलतसासरे म्हणाले.

मी उठले. पदराखालची पिशवी काढली आणि मूठभर सोडे पिंडाशेजारी ठेवले.

"वयनी, ह्ये काय?" नणंद ओरडली.

"आईंच्या शालूत सापडले," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "रोज ज्याचा वास यायचा ते."

मी पाठ फिरवते न फिरवते तोच कावळे तुटून पडले. चुलतसासऱ्यांनी टोपीआड हसू लपवलं. दहाव्याला मुरुडहून आलेल्या बाबांनी मागून आपले सोडे ओळखले. त्यांची मान ताठ झाली. कुणी मला निर्दयी म्हणेल. म्हणू दे.

परवा नणंद आली. कपाट उघडलं, तर आईच्या लुगड्यांच्या जागी माझ्या साड्यांची चळत. तिनं नाकाला पदर लावला.

"वयनी, अजून वास येतोय. कापूर तरी ठेव."

"न्हाय ठेवनार, वन्सं," मी म्हटलं. "आता माझं कपाट हाय."