उंबऱ्यातल्या शांताबाई

शांताबाई भगत पाच वर्षं सरपंच होत्या, पण सरपंचाच्या खुर्चीत त्या मला फारशा दिसल्या नाहीत. ग्रामसभा सुरू झाली की शाळेच्या खोलीच्या दारात, थेट उंबऱ्यावर, त्या फतकल मारून बसत. झरी जामणीच्या जंगलातून बदली होऊन मी यवतमाळजवळच्या त्या गावात ग्रामसेवक म्हणून नुकताच आलो होतो. पहिल्याच सभेत मी खुर्ची पुसून पुढे केली, तर म्हणाल्या, "राहू द्या साहेब. मी दार धरून बसतो."

त्याचं कारण लगेच कळलं. आमच्याकडे ग्रामसभेला आलेला माणूस हजेरीची सही करतो आणि चपला घालून चालू लागतो. पहिला विषय वाचेपर्यंत समोर उरतात शिपाई आणि शाळेचे बाक. पण आईच्या वयाची बाई उंबऱ्यात बसलेली असताना तिला ओलांडून जाणार कोण? तेवढी लाज गावात शिल्लक होती. एकेक जण दारापर्यंत जाई, घुटमळे आणि परत येऊन बसे. "बसा बाप्पा," शांताबाई म्हणत, "भाकर काई पयून नाई जात."

जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. नवरा केव्हाच गेलेला. घरी एकुलता मुलगा मिलिंद, सून, नात आणि नाल्याकाठचं वावर. एकदा आम्हा दोघांना यवतमाळला शाश्वत विकासाच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. दिवसभर भाषणं ऐकून मी कंटाळून गेलो. एसटीत मी विचारलं, कसं वाटलं? "शब्द चांगला हाय," त्या म्हणाल्या. "गावात नेतो. पन ठेवू कुठी?" आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पऱ्हाटी उभ्या उभ्या वाळे. ज्याच्याकडे ओलिताला पाणी, त्याच्याच हाती काहीतरी लागे. त्यामुळे बोर मारणाऱ्या गाड्या गावोगाव फिरत असत, आणि आमच्या गावात सगळ्यांचा डोळा नाल्याच्या काठावर. गावाची पिण्याच्या पाण्याची एकमेव विहीरही तिथेच. एका उन्हाळ्यात तिचा तळ दिसला आणि शांताबाईंनी ग्रामसभेपुढे ठराव आणला: नाल्याच्या काठी यापुढे कुणी बोर मारायचा नाही.

तशी सभा मी पुन्हा पाहिली नाही. लोक ओरडत होते, उठत होते, दारापर्यंत जाऊन परत फिरत होते. शांताबाईंचं एकच पालुपद. "बोरातलं पानी येगळं आन् इहिरीतलं येगळं, असं हाय का? खाली समदं एकच हाय. आपन वरून झाकनं येगळाली ठेवली." दिवस मावळता मावळता हात वर झाले. माणसं पटून वर करत होती की भुकेनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस मधेच गायब झाला. एका दुपारी मिलिंद पंचायतीत आला आणि माझ्यादेखतच आईला म्हणाला, "माय, आपल्या वावरात बोर मारतो."

"इहिरीले सगळ्यात जवळ आपलंच वावर हाय. ठराव पयले आपल्याले लागते."

"तू सरपंच हायेस ना? मंग कायले हायेस?"

"म्हनूनच नाई."

"पऱ्हाटी जळून राह्यली, माय. मी करू काय?"

मिलिंद तसाच निघून गेला. दिवाळीनंतर बायको आणि मुलीला घेऊन तो पुण्याला गेला, कुठल्याशा सोसायटीत वॉचमन म्हणून. शांताबाईंनी त्यांना एसटीत बसवून दिलं आणि तशाच पंचायतीत आल्या. "दवंडी द्याची होती ना सभेची?" एवढंच म्हणाल्या. खरं सांगतो, मला त्या दिवशी त्यांचा राग आला. एक बोर मारला असता तर काय झालं असतं, असं मनात आलं. बोललो नाही, कारण त्या पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

त्या उन्हाळ्यात विहिरीला शेवटपर्यंत पाणी होतं. शांताबाई रोज सकाळी वाकून बघत. "हाय," म्हणत आणि पंचायतीकडे वळत.

मग मुदत संपली, आरक्षण बदललं, नवा सरपंच आला. माझी बदली उमरखेडला झाली. पुढचं मला आमच्या जुन्या शिपायानं सांगितलं. बोरबंदी उठवण्याचा विषय निघाला, तेव्हा पहिल्या सभेला माणसंच पुरेशी आली नाहीत, म्हणून ती तहकूब केली. तहकूब सभेला किती माणसं हवीत याची अट नसते. शांताबाई त्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन उंबऱ्यात बसल्या. नवा सरपंच तरुण, अदबीचा पोरगा. "बसा माय, आरामात बसा," म्हणाला आणि सतरंज्या बाहेर, लिंबाखाली टाकायला लावल्या. कुणालाच कुणाला ओलांडावं लागलं नाही. शांताबाई गुडघे धरून उठेपर्यंत सह्या होऊन बोरबंदी उठली होती.

काही वर्षांनी एका लग्नासाठी त्या गावात गेलो. मे महिना होता. नाल्याकाठी जागोजागी बोरचे पाइप वर आलेले, त्यातले बरेचसे कोरडेच. विहिरीत टँकर रिकामा होत होता आणि शांताबाई काठावर दोर-बादली घेऊन थांबल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मला ओळखून हसल्या. म्हणाल्या, मिलिंद तिकडेच आहे, नात शाळेत जाते, तिला आता इकडची बोली येत नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "शांताबाई, तुम्ही केलं तेवढं कुणी केलं नसतं."

त्या विहिरीत पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. "इहीर गेली, त्याचं काई नाई साहेब. समद्या गावाची गेली," त्या म्हणाल्या. "पन मंग माहा मिलिंद काहून गेला?"

टँकर रिकामा झाला. त्यांनी बादली विहिरीत सोडली, आणि मी दोराला हात लावला तर म्हणाल्या, "राहू द्या. तुमची गाडी चुकन."