काचेवरची लाल रेघ

उद्यमनगरात तऱ्हेतऱ्हेची मीटरं विकणारे आणि दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. बोलणं असं, की समोरचा माणूस बहिराच असावा. कुठलंही मीटर देण्याआधी ते विचारतात, "कितीवर बंद करणार?" गिऱ्हाइकानं आकडा सांगितला, की काचेवर तिथं नेलपॉलिशनं लाल रेघ ओढतात. रेघेशिवाय त्यांच्या दुकानातून मीटर बाहेर पडत नाही.

धरणाच्या पाण्यात माझी छोटी शिडाची होडी असते. तिच्यासाठी वाऱ्याचा वेग मोजणारं मीटर घ्यायला मी गेलो. मला डिजिटल हवं होतं. त्यांनी काट्याचं पुढं सरकवलं.

"आकडं वाचत बसला तर होडी उलटंल. काटा नुसता दिसला तरी बास हाय. शीड कितीला उतरवणार?"

"ताशी तीसला," मी जरा ऐटीतच सांगितलं.

त्यांनी रेघ ओढली. ती वाळावी म्हणून फुंकर घालता घालता विचारलं, "संगं कोण असतंय?"

"मुलगी. नऊ वर्षांची."

त्यांनी कापूस थिनरमध्ये बुडवला, रेघ पुसली आणि वीसवर नवी ओढली. मला विचारलंसुद्धा नाही. राग आला, पण मीटर घेतलं.

परवा झकास वारा होता. काटा रेघेला टेकला आणि मी शीड उतरवलं. मुलगी संध्याकाळपर्यंत रुसून बसली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तक्रार केली, तर हातातलं काम न थांबवता म्हणाले,

"रुसू दे की, पावणं. रुसायला घरी आली न्हवं?"