पालकसभेत मी घेतलेलं नाव

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, स्टाफरूममधल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्हालाही सांगितलं नसतं, पण परवा ती बाई मला गारखेड्यात भाजी घेताना भेटली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आधी एक सांगते. मला पालकसभेचा राग येतो. आजही येतो. पोराच्या दप्तरात वर्षभर न डोकावणारी माणसं त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून येतात आणि बाईची हजेरी घेतात. कशासाठी? घरात यांचं कुणी ऐकत नाही म्हणून?

ती माझी पहिलीच सभा. पाचवीचा वर्ग, मुलं आईबापांशेजारी बसलेली. त्या महिन्यात वर्गात कुणीतरी इतरांना कर्कटक टोचत होतं. दंडावर लाल ठिपके घेऊन पोरं घरी जात होती आणि पालकांच्या ग्रुपवर नुसती आग लागली होती.

कोण टोचतंय, मला ठाऊक होतं. करमाडहून स्कूलबसनं येणाऱ्या सानिकानं बाही वर करून दाखवलं होतं — "टीचर, आर्यन टोचतो." बघते म्हणाले. बघितलं का? नाही. आर्यनचे पप्पा प्लॉटिंगवाले, संस्थाचालकांच्या उठण्याबसण्यातले. माझी नोकरी कच्ची. जाऊ द्या — कारणं सांगायला बसलेली नाही मी.

सभेत सगळ्यात मोठा आवाज कुणाचा असेल? त्याच पप्पांचा. "मॅडम, पगार कशाचा घेता? वर्गात झोपा काढता का?" मागून टाळ्या. टाळ्या हो! एकानं तर मोबाइलवर शूटिंगच सुरू केलं. असं वाटलं, मेल्यांना एकेकाला बाकावर उभं करावं.

त्या अख्ख्या वर्गात एकच बाई माझ्यासाठी उठली. सानिकाची आई. पदर सावरत म्हणाली, "अवो, कालची पोर हाय ती. शिकंल की. जरा दमानं घ्या."

"तुम्ही बसा खाली," पप्पा तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडं वळून, "नाव सांगा, मॅडम. आत्ताच्या आत्ता नाव पाहिजे."

आणि मी नाव सांगितलं — सानिका.

तोंडातून निसटलं असं म्हणू? खोटं होईल ते. मी वर्गभर नजर फिरवली होती. यातलं कोण उलटून अंगावर येणार नाही, हे पाहिलं होतं. जी माझ्यासाठी उठली तीच बाई मला सोपी वाटली.

मला वाटलं, आता ती भांडेल. ती वळली आणि पोरीच्या थोबाडीत दिली, सगळ्यांदेखत. "मम्मी, मी नाय," सानिका एवढंच म्हणाली. "गप! बाई खोटं कशाला बोलतील?" असं म्हणून त्या माउलीनं माझ्यापुढं हात जोडले. सानिका माझ्याकडं बघत होती. रडली नाही. दंडावरची बाही तिनं खाली ओढून घेतली.

आणि मी? मी म्हणाले, "लक्ष ठेवा तिच्यावर." जाताना आर्यनचे पप्पा मान हलवून हसले, आणि — शरम वाटते सांगायला — मला हायसं वाटलं. त्यानंतर वर्षभर सानिकाशेजारी कुणी बसलं नाही. आर्यन टोचतच राहिला, बोलणी तिनं खाल्ली. मी रोज हजेरी घेत होते. ती रोज "प्रेझेंट, टीचर" म्हणत होती.

परवा तिच्या आईनं मला गर्दीतून हाक मारली. आता सानिका कॉलेजात आहे म्हणे. "बाई, तुमी तवा तोंडावर सांगितलं म्हणून पोरगी लायनीवर आली. लई शांत झाली. घरात हाय का नाय, ते बी कळत नाय." लेकीचं कौतुक चाललं होतं तिचं. मग पिशवीतून मेथीची जुडी काढली, "आमच्या रानातली हाय, घ्या," म्हणाली.

मी घेतली. "अहो, आमचं कामच आहे ते," असंही म्हणाले. घरी येऊन मेथी निवडली, लसूण घालून भाजी केली आणि जेवले.