राजारामपुरीतलं गूळपाणी

डी.एड.ला कोल्हापुरात माझा नंबर लागला, तेव्हा आईनं शाहूवाडीतल्या आमच्या वस्तीत घरोघर साखर वाटली. मग खोली शोधायला निघालो आणि तोंडातली साखर कडू झाली. आडनाव सांगितलं की आम्ही बौद्ध हे समोरच्याला कळायचं, आणि नव्वदच्या दशकातही "खोली कालच गेली की!" म्हणणारे कमी नव्हते. म्हणून राजारामपुरीत एका घरमालकानं आडनाव ऐकूनही किल्ली पुढं केली, तेव्हा आईचे डोळे भरून आले. त्याचं मन फिरायच्या आत व्यवहार पुरा करावा म्हणून भात विकून आणलेलं वर्षाचं भाडं तिनं एकरकमी त्याच्या हातावर ठेवलं. मालकानं मागितलंसुद्धा नव्हतं. असला भाबडेपणा आम्हीच करावा!

खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. नळ सुटला की आधी गटारीचा वास यायचा, मग पाणी. मालक वर राहायचे, त्यांचा नळ वेगळा. मी पाणी फडक्यानं गाळलं, स्टोव्हवर उकळलं, पण वास काही हटेना. जुलाब-उलट्यांनी अशी आडवी झाले की मैत्रिणीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आधी ती खोली सोड." सोडायची कशी? सगळा पैसा तिथंच अडकलेला. तो सुटला तर दुसरी खोली, नाहीतर कॉलेजला रामराम ठोकून गावाकडं भात लावायला जायचं.

मी मालकांकडं गेले. "वर्साचं दिलंय न्हवं? मग ऱ्हावा की वर्सभर," ते म्हणाले. "पाणी चांगलंच हाय. खेड्यातल्या पोरीला शहराचं पाणी बाधतंय, त्याला मी काय करू?"

माझं डोकं असं सणकलं म्हणता! पण तोंडातून शब्द फुटायच्या आधी रडूच फुटलं. आईला निरोप धाडला.

आई आली. मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. पण तिनं मालकांना आणि मालकीणबाईंना खाली खोलीत बोलावलं, सतरंजी अंथरली, आणि पावण्यांना देतात तसं गूळपाणी पुढं ठेवलं. पाणी त्याच नळाचं, न उकळलेलं.

मालकांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. पेल्याकडं बघितलं. "तहान न्हाय," म्हणाले.

"तहान न्हाय, का आमच्या घरचं चालत न्हाय?" आईनं विचारलं. आवाज साधाच होता.

"छ्या छ्या, तसलं काय न्हाय वो!" मालकांना घाम फुटला. तरी हात काही पुढं येईना.

तेवढ्यात मालकीणबाईंनी पेला उचलला. वास त्यांनाही आलाच, नाक मुरडलेलं मी बघितलं. आईच घाबरली. ती "अवो, नगा, नगा" म्हणेपर्यंत बाईंनी पेला रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडं वळल्या. "ही पोरगी हे पीत हुती? आन् तुमी वर बसून सांगताय पाणी चांगलं हाय म्हणून? लाज वाटू द्या जरा! पैसं काढा तिचं. आत्ताच्या आत्ता!"

मालक वर गेले आणि उरलेल्या महिन्यांचं भाडं आणून आईच्या हातात दिलं.

मला दुसरी खोली मिळाली, डी.एड. झालं, वारणानगरच्या बाजूला शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी मालकीणबाईंकडं गेले. मी आज शिक्षिका आहे ती त्यांच्यामुळं, आणि हे त्यांना तोंडावर सांगितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

त्या हसल्याच. "त्या पाण्यानं मलाबी झोपवलं बघ, अंथरुणातनं उठवंना. मग ह्यांनी गुमान पाइप बदलून घेतली."

मी म्हटलं, "मावशी, वास आला होता ना तुम्हाला? मग नुसता ओठाला लावून पेला खाली ठेवायचा की."

"ठिवला असता गं," त्या म्हणाल्या. "पर तुझ्या आईला काय वाटलं असतं?"