पानाभाऊंची वॉरंटी

पानाभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी बाथरूममध्ये जायचे. तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नव्हे. आत जाऊन नळ सोडायचे, बंद करायचे, फ्लशच्या टाकीला कान लावायचे आणि बाहेर येऊन, सोफ्यावर टेकण्याआधीच निकाल द्यायचे. "ताई, नळ गळून राहिला आन् तुम्ही इथं सिरीयल पाहून राहिल्या?" महिन्यातून एकदा आम्हा इथल्या मराठी कुटुंबांपैकी कोणाच्या तरी फ्लॅटवर बुद्धवंदना असते. वंदना संपून मंडळी जेवायला बसली की एक पान रिकामं दिसायचं. त्या पानाचा माणूस सिंकखाली असायचा. पँटच्या उजव्या खिशात कायम पाना. लग्नालाही तो घेऊनच यायचे. त्यांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

मूळचे नागपूरचे. इथल्या जहाजांच्या कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले. ते राहायचे बुकित बातोकला आणि मी हौगांगला, म्हणजे बेटाच्या दोन टोकांना. मेट्रोच्या तीन गाड्या बदलून यायचे. "एमआरटीत एसी आहे, फुकटचा थंडावा," म्हणायचे.

त्यांची माझी ओळख झाली तेव्हा मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत हिशेब तपासायची. गळ्यात पास, डोक्यात वारं. नुकताच जुना फ्लॅट विकत घेतला होता आणि स्वयंपाकघरातला पाइप ठिबकत होता. कोणीतरी भाऊंना पाठवलं, तर मी या गृहस्थाला दारातच म्हणाले, "आधी खर्चाचा अंदाज लेखी द्या." त्यांनी मुकाट्याने माझ्याच भाजीच्या पावतीमागे लिहून दिलं : एक चहा, साखर दोन चमचे. मी ती पावती फाइलला लावली. हसू नका, खरंच लावली. तेव्हाची मी आता समोर आले तर तिला मी घरात घेणार नाही.

त्याच सुमारास आमच्या ब्लॉकखाली एका कंपनीने टेबल मांडलं होतं. घराची वॉरंटी. वर्षाला ठरावीक रक्कम भरा; नळ, गीझर, वायरिंग, काय बिघडेल ते आम्ही बघू. मला असलं काही दिसलं की हात शिवशिवायचे. दोन संध्याकाळी खर्च करून मी नफ्यातोट्याचा तक्ता बनवला आणि भाऊंना मोठ्या ऐटीत दाखवला. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि कंपनीचं पत्रक चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"ताई, जुनं झालेलं चालणार नाही म्हणते. झिजलेलं चालणार नाही. आधीपासून बिघडलेलं चालणार नाही. म्हणजे जे नवं आहे, चांगलं आहे आन् चालू आहे, ते हे लोक दुरुस्त करून देतील. अजून काय पाहिजे?"

तक्ता मी रद्दीत टाकला. त्यापुढची पंधराएक वर्षं आमच्या घराची वॉरंटी म्हणजे भाऊ. दर एक चहा. काम लांबलं तर दोन.

मग वहिनी गेल्या. त्यानंतर वर्षभरात भाऊंचे हात थरथरायला लागले. आधी स्क्रू पडायचे, मग आटे चुकायला लागले. एका घरी त्यांनी बसवलेला नळ मध्यरात्री निसटला आणि त्या लोकांचं लाकडी फ्लोअरिंग फुगलं. कोणी काही बोललं नाही. आमची माणसं सभ्य आहेत. फक्त भाऊ आत जायला लागले की यजमान म्हणायचे, "बसा हो भाऊ, सगळं ठीक आहे." सभ्यपणे एकेक करून सगळ्यांची घरं ठीक झाली. मुलाने तर त्यांच्या घरातले स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा कपाटात बंद करून ठेवले. "पा, यू जस्ट रेस्ट लाह," म्हणायचा बिचारा, इथल्या धाटणीच्या इंग्रजीत. भाऊ मला फोनवर म्हणाले, "जय भीम ताई. तुमच्याकडे काही बिघडलं नाही का हो?"

त्या आवाजाला नाही म्हणणं मला जमलं नाही. म्हटलं, "बिघडलंय ना, बेसिनचा नळ." फोन ठेवला आणि पकड घेऊन बेसिनचा नळ ढिला करून ठेवला.

भाऊ आले, त्यांनी दोन तास खपून तो दुरुस्त केला, चहा घेऊन गेले, आणि रात्री मी बादल्या भरत बसले. दुसऱ्या दिवशी मी त्या वॉरंटीवाल्यांसारखीच एक कंपनी शोधली. वर्षाला साडेतीनशे डॉलर, माणूस घरी आला की प्रत्येक फेरीचे पंचेचाळीस वेगळे, आणि एक अट : बाहेरच्या कोणी हात लावलेला असेल तर जबाबदारी आमची नाही. सगळं वाचलं. उभ्या आयुष्यात मी इतका तोट्याचा करार पाहिला नव्हता. सही केली.

मग आमचा क्रम बसला. महिन्यातल्या एका शनिवारी मी काहीतरी बिघडवायचं. रविवारी भाऊंनी येऊन ते आणखी बिघडवायचं. सोमवारी कंपनीच्या माणसाने ते नीट करायचं. हा मिशीवाला, पन्नाशीचा, अबोल मलाय गृहस्थ. पहिल्याच सोमवारी पाइपावरचे वेडेवाकडे ओरखडे पाहून त्याने विचारलं, "आंटी, हे कोणी उघडलं?"

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हिशेबातली खोटी नोंद शोधून काढली. एकीवर स्वतः कधी सही केली नव्हती. म्हटलं, "मीच."

"आंटी, यू डोन्ट टच लाह," तो हात जोडून म्हणाला. पुढच्या महिन्यात दार उघडल्याबरोबर म्हणाला, "यू अगेन, आह?" कंपनीच्या दफ्तरी हौगांगची एक म्हातारी नळ सोलणारी म्हणून नोंदली गेली असणार. मला पर्वा नव्हती. एकच धास्ती होती, भाऊंना कळण्याची. माझ्या घराचंही दार बंद झालं असतं तर पाना खिशात घालून ते जाणार कुठे होते?

दीड वर्ष निभावलं. मग एका रविवारी फ्लशच्या टाकीचं झाकण काढून भाऊ बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी मागून डोकावले. झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीचं स्टिकर होतं. खाली दुरुस्तीची तारीख, त्यांच्या मागच्या खेपेनंतरच्या सोमवारची.

त्यांनी झाकण सावकाश बसवलं, हात धुतले, बाहेर येऊन चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर विचारलं, "वर्षाचे किती घेतात?"

"साडेतीनशे."

"आन् फेरीचे?"

"पंचेचाळीस. वेगळे."

"लुटून राहिले तुम्हाले." मग कपात बघत म्हणाले, "पण माणूस चांगला आहे. टेप बरोबर गुंडाळते. सोडू नका त्याले."

जाताना ते दारात चपला घालायला वाकले तेव्हा मी घाईघाईने म्हटलं, "भाऊ, पुढच्या महिन्यात याल ना? गीझर आवाज करतोय."

"करून राहिला, का तुम्ही कराले लावता?" मान वर न करता त्यांनी विचारलं. आणि पट्टा लावून झाल्यावर म्हणाले, "येतो."

त्यानंतर तीनदा आले. बाथरूमचं दार लावून घ्यायचे, पाना पाइपवर ठणठण वाजायचा, आणि दहा मिनिटांनी "झालं" म्हणत बाहेर. कशालाही हात लागलेला नसायचा. मग आम्ही चहा घ्यायचो, दोन कप. चौथ्या वेळी ते आले नाहीत. त्यांच्या मुलाचा फोन आला, तो हॉस्पिटलमधून : भाऊ गेले. त्या वेळी गीझर मी खरंच उघडून ठेवला होता. तो तसाच आठ दिवस राहिला. अंघोळ मी गार पाण्याने केली.

यंदा करार नवा करायची वेळ आली तेव्हा नात म्हणाली, "आजी, जस्ट कॅन्सल लाह. नथिंग ब्रेक्स, व्हॉट." बरोबर आहे तिचं. पैसे भरून टाकले. हल्ली नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

गेल्या आठवड्यात तो मिशीवाला वर्षाच्या तपासणीला आला. सिंकखाली वाकून पाहिलं, गीझर पाहिला, टाकी पाहिली. मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाला, "आंटी, पूर्ण वर्ष तुम्ही काहीच उघडलं नाही. बरं नाही का?"

"हात दुखतात," म्हटलं.

त्याने फॉर्म भरला. शेरा लिहिला : दोष आढळला नाही. खाली मी सही केली.