अक्काची हारेल फेरी

निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरलेला उमेदवार कुठे असतो, हे तुम्ही कधी जाऊन पाहिलंय का? जिंकलेला कुठे आहे ते अख्ख्या शहराला ऐकू येतं. हरलेल्याचा मात्र फोन बंद, फाटक बंद, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात दुसऱ्याच पक्षाचं उपरणं. आपण 'राजकारण असंच असतं' म्हणतो आणि चहा पितो. माझी आत्या, धुळ्यातल्या देवपूरची अक्का, असा चहा पिणारी नव्हती. ती गेली त्याला आता काही आठवडे झाले. मी जळगावात छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते, तेव्हा धुळ्याहून भावाचा फोन आला, "अक्का गेली गं..." मी प्रूफ शेवटपर्यंत वाचलं, चुका दुरुस्त केल्या आणि मगच बस पकडली. अर्धवट तपासलेलं पत्रक टाकून आले असते, तर तिने तिरडीवरून उठून जाब विचारला असता.

तिच्या घरी पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या कोठीपेक्षा उंच असत. मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार'च्या आधी लिहिता यायचा. अक्का स्वतः कधी निवडणुकीला उभी राहिली नाही, पदही मागितलं नाही. पण पक्षाचा प्रत्येक उमेदवार तिला वचकून असे, कारण तिचा एक नेम होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रचारात जी दारं वाजवली तीच दारं उमेदवाराला घेऊन पुन्हा वाजवायची. आमचे लोक बहुतेकदा हरतच, म्हणून गल्लीने या फेरीला नाव ठेवलं 'हारेल फेरी', म्हणजे हरलेल्यांची फेरी. अक्काला ते नाव आवडायचं.

गेल्या लोकसभेला आमच्या बाजूने निकाल लागला. कार्यकर्ते नाचायच्या तयारीत होते. अक्का म्हणाली, "नाची ल्या आज. सकायले ज्यासनी मत दिन्हा नही, तेस्ना घरे जानं शे." जिंकल्यावरची हारेल फेरी! सगळे हसले, पण सकाळी निमूट निघाले.

काही महिन्यांनी विधानसभेत आम्ही साफ झोपलो. आमच्या शहरातले उमेदवार, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, मोजणी संपायच्या आत केंद्रातून निघून गेले. मी घरी येऊन संतापाने पत्रक लिहायला घेतलं: 'पैसा जिंकला, जनता हरली.' अक्काला तेव्हा दोन पायऱ्या चढली तरी दम लागायचा. तिने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, "जनता कशी हारनी वं? निकाल ते तिनीच दिन्हा." मी भांडले. पैसे वाटले गेले हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ती म्हणाली, "वाटात. मंग ज्यासनी घिदात नही आनि आपलेच मत दिन्हा, तेस्नं काय? तेस्ले तू हारेल म्हनी राह्यनी." 'जनता हरली' ही ओळ मी खोडली. पहिली राहू दिली, आणि तिनेही ती राहू दिली.

सकाळी भाऊंच्या फाटकाला आतून कुलूप. जिंकलेल्या बाजूकडून त्यांना निरोप आला होता, आणि भाऊ 'विचार' करत होते, हे गल्लीला ठाऊक होतं. अक्काला काळजी न मिळालेल्या मतांची नव्हती, मिळालेल्या मतांची होती. हा माणूस तिकडे गेला, तर ज्यांनी विश्वासाने बटण दाबलं ते उद्या कोणाच्या तोंडाकडे बघणार? तिने फाटकाची कडी अशी वाजवली की शेजारचे बाहेर आले. शेवटी भाऊ बनियनवरच आले.

"अक्का, लोकांनी नाकारलं. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"मत मांगाले जे तोंड लईसन फिरना, तेच लईसन चाल. दुसरं शे का तुनाजोडे?"

भाऊंनी सदरा चढवला.

कोपऱ्यावरच विजयी टोळकं भेटलं. एकाने ओरडून विचारलं, "भाऊ, गुलाल उरलाय, लावू का?" भाऊंची मान खाली गेली. अक्काने आपलं कपाळ पुढे केलं. "लाव रे. गुलाल काय एकटा तुना साहेबना शे का?" पोरगा गडबडला, पण लावला, आणि वाकून पायाही पडला. पुढच्या दारात एक बाई सरळ म्हणाली, "आम्ही तुम्हाला मत नाही दिलं, तरी आलात?" अक्का म्हणाली, "तुमनं पानी काय तुमना आमदारनाच नयले येस का?" बाई हसली, पाणी घेऊन आली, आणि नळाची सगळी रडगाणी तिने भाऊंनाच ऐकवली.

मग ते दार आलं. शिवणकाम करणारी एक विधवा. गल्लीत सगळ्यांच्या नाराजीला न जुमानता भाऊंसाठी फिरलेली. तिने शिलाई थांबवून विचारलं, "भाऊ, माझं मत वाया गेलं का?" आम्ही सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्का भिंतीला टेकून श्वास घेत होती. उत्तर भाऊंनाच द्यायचं होतं. "नाही ताई," ते म्हणाले. "मी इथेच आहे." त्या एका वाक्याने ते बांधले गेले. तिकडून पुन्हा निरोप आला, भाऊ गेले नाहीत. नळाच्या पाण्यासाठी निघालेल्या मोर्चात ते पुढे होते, आणि अक्काच्या तिरडीला पहिला खांदाही त्यांचाच होता. आम्ही ती निवडणूक हरलो, हे मी आकड्यांपुरतंच मान्य करते.

आता अक्काशिवायचे निकाल लागतील. रडून काही होणार नाही, आणि मला रडायचंही नाही. नेम एका माणसाचा असेल तर तो माणसाबरोबर जळतो, गावाचा झाला तर टिकतो. म्हणून सावद्यापासून साक्रीपर्यंत हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं मागणं आहे. पुढच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही ज्याला मत दिलंत आणि जो हरला, त्याच्या घरी जा. पक्ष कोणताही असो. दार उघडेपर्यंत कडी वाजवा, आणि तो समोर आला की एवढंच सांगा: माझं मत मी परत घेतलेलं नाही, चपला घाल.