साडूंचा घरगुती स्प्रिंट

कुठल्याही कामाचे तुकडे पाडून ते भिंतीला चिकटवल्याशिवाय आमच्या साडूंना घास उतरत नाही. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वेगवेगळ्या टीमांची कामं एकमेकांत अडकू नयेत, हे बघायची त्यांची नोकरी. घरून काम करायची मुभा मिळाली तसे ते इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरकडच्या आपल्या गावी आले आणि घराचीच कंपनी करून टाकली. पंधरवड्याचं काम आधी ठरवायचं, मधे नवं काही घुसडायचं नाही, याला ते 'स्प्रिंट' म्हणत. थोरल्या वहिनींनी मधेच पापड काढले, तर साडू गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, हे पुढच्या स्प्रिंटला." वहिनी म्हणाल्या, "मग ऊनबी पुढच्याच स्प्रिंटला पडाय सांगा, भावजी."

रोज सकाळी गोठ्यापुढं सगळ्यांनी उभं राहून सांगायचं : काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. उभं अशासाठी, की बोलणं लांबू नये. पण आमच्याकडं उभ्यानं बोलतो तो फक्त पुढारी, आणि त्याचं तर कधीच आटपत नाही. साडूंचे वडील, आबा, लगेच उकिडवे बसायचे. मागोमाग सगळे टेकायचे, मग चहा, मग तंबाखू, तोवर उन्हं डोक्यावर. आबांचा अडथळा मात्र रोज एकच असायचा. "तूच हायस की," असं ते साडूंना म्हणायचे.

खरा अडथळा कुणीच बोलत नव्हतं. साडूंचे थोरले आणि मधले भाऊ कधीचे एकमेकांशी अबोला धरून होते. पाइपलाइन कुणी फोडली, एवढ्यावरून. दोघांची रानं वेगळी, विहीर एक, आणि पाणी सोडायची चावी, म्हणजे वॉल, थोरल्यांच्या बांधावर. मधल्यांची ढोबळी मिरची ऐन फुलावर आलेली आणि पाणी वेळेवर मिळेना. मागायचं तर तोंड उघडावं लागणार. मिरची गेली असती तर घरही फुटलं असतं, हे सगळ्यांना कळत होतं.

अशात साडूंनी सगळ्यांचं एकत्र नियोजन काढलं. प्रत्येक भावाचं घर म्हणजे एक टीम. मला बारामतीहून निरीक्षक म्हणून बोलावलं, म्हणजे जेवायला. कामांचे कागद वहिनींनी भिंतीवर चक्क टिकल्यांनी चिकटवले. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडत असेल, तिथं साडूंनी शिलाई मशीनचा तांबडा दोरा ताणला. मधल्यांच्या मिरचीपासून निघालेला दोरा थेट थोरल्यांच्या वॉलवर गेला.

शेवटी, हे सगळं पार पडेल याचा भरवसा किती, ते बोटांनी दाखवायचं होतं; पाच बोटं म्हणजे पूर्ण भरवसा. आबांनी करंगळी वर केली. "एवढाच भरवसा, आबा?" साडू कळवळून म्हणाले. आबा धोतर सावरत उठले आणि गोठ्यामागं निघून गेले. मधल्यांनी मात्र मूठ दाखवली. मूठ म्हणजे भरवसा अजिबात नाही, आणि नियमाप्रमाणं त्यांनी कारण सांगायला हवं होतं.

"दादाला पाणी मागायचं हाय," मधले भिंतीकडं बघत म्हणाले, "आन् जीभ उचलत न्हाय."

थोरल्यांनी तो दोरा बोटानं जरा ताणून बघितला. मग म्हणाले, "उद्या सकाळी वॉल सोडतो. आदी घरी च्या घ्यायला ये."

साडूंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला. तो काही लवकर पुसून होईना.

मिरची वाचली. आणि कंपनीनं साडूंना पुण्याच्या ऑफिसात परत बोलावलं. आता त्यांचा अधूनमधून फोन येतो. परवा मी त्यांच्या गावी जेवायला गेलो होतो, तेव्हाही आला. "पाहुणं, हितं सगळे वेळेवर उभे राहतात, आपलं आपलं बोलतात आन् जातात. एकमेकांशी कोण बोलतच न्हाय." मग त्यांनी विचारलं, "तिकडं दोघं बोलतात ना?"

"काल बांधावर कडाकडा भांडले," मी म्हणालो.

"समोरासमोर?"

"अगदी समोरासमोर."

"मी तितं पाहिजे होतो राव," साडू हळूच म्हणाले.